आपला विश्वासू

निष्ठा हा गुण माणसाने नेमका कोणाच्या बाबतीत दाखवावा, याची यादी आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेली आहे. देव, देश, गुरू, मालक वगैरे. पण मध्यमवर्गीय माणसाची खरी निष्ठा या यादीत कुठेच सापडत नाही. ती असते न्हाव्यावर, वाण्यावर, चहाच्या विशिष्ट पावडरीवर आणि आठ-बाराच्या लोकलच्या मागून तिसऱ्या डब्यावर. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला आपण मत देतो. पण न्हावी बदलणाऱ्या माणसाकडे आमच्या पिढीत तरी संशयानेच पाहत असत.

माझी निष्ठा आहे वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारावर.

वर्तमानपत्राचं नाव सांगत नाही. एक तर ते अजून चालू आहे आणि दुसरं म्हणजे माझी पत्रं तिथे अजून छापून येतात. अग्रलेख संपतो आणि चष्म्यांच्या दुकानाची जाहिरात सुरू होते, त्यांच्या मधल्या अरुंद बोळात आम्ही पत्रलेखक राहतो. १९७९ साली मी या बोळात राहायला आलो. आमच्या गल्लीतला दिवा दिवसा लागत असे आणि संध्याकाळी विझत असे, त्यावर मी एक पोस्टकार्ड लिहिलं. नवव्या दिवशी ते अकरा ओळींत छापून आलं, खाली माझं नाव आणि ‘मुलुंड (पूर्व)’. दिवा होता तसाच राहिला, पण मी पेटलो.

“आता रोज लिहिणार का?” असं आमच्या सौ.ने त्या वेळी विचारलं होतं. नवीन लग्न होतं, त्यामुळे त्या प्रश्नात कौतुक होतं. तोच प्रश्न ती अजूनही विचारते. शब्द तेच आहेत.

हा छंद हलका समजू नका. त्याला घराणं आहे. १८४८ साली गोपाळ हरी देशमुख नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहायला सुरुवात केली. खाली सही ‘लोकहितवादी’. १८५० पर्यंत त्यांनी १०८ पत्रं लिहिली, त्यांनाच आपण ‘शतपत्रे’ म्हणतो. गृहस्थ सरकारी नोकरीत होते, पगार चालू होता, आणि तरीही समाजाला पत्रांतून फैलावर घेत होते. नोकरी सांभाळून समाजाला सुनावणं हा जो आम्हां पत्रलेखकांचा बाणा, तो थेट तिथून आलेला आहे. फरक एवढाच, की ते जातिभेदावर आणि पेशवाईच्या अखेरीवर लिहीत आणि आम्ही गटाराच्या झाकणावर लिहितो.

आमच्या बोळात पूर्वी वस्ती भरगच्च होती आणि तिच्यात जातीही होत्या. पहिली जात खड्डेवाल्यांची. यांना रस्ता, नळ, लोकल, बसथांबा यांपलीकडे जग नसे. दुसरी ऱ्हस्व-दीर्घवाल्यांची. दुकानाच्या पाटीवर ‘पुजा साहित्य’ असं दिसलं, की यांना रात्री झोप लागत नसे. तिसरी ‘आमच्या वेळी’वाल्यांची. चौथी अभिनंदनवाल्यांची. हे लोक निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत जो जिंकेल त्याचं अभिनंदन करीत. शिवाय ‘एक त्रस्त प्रवासी’ नावाचे एक अमर लेखक होते. ते एकाच दिवशी कर्जतलाही त्रस्त असत आणि विरारलाही.

आम्ही एकमेकांना कधी भेटत नसू. ओळख असे ती पत्त्यावरून. नावांपेक्षा गावंच तोंडात बसलेली. सकाळी चहाच्या वेळी मी सौ.ला सांगत असे, “आज चिंचवड फारच संतापलेत,” किंवा “डोंबिवली पूर्व बरेच दिवसांनी दिसले.” ती म्हणे, “विचारा त्यांना, मुलीचं लग्न ठरलं का?” कारण हुंड्याविरुद्ध डोंबिवलीची सलग चार पत्रं आली, तेव्हा घरात काहीतरी चाललंय हे तिने बरोबर ओळखलं होतं.

आणि या सगळ्या वस्तीत एक होते ठाकुरद्वार.

ठाकुरद्वार कोणत्याच जातीत बसत नसत. ते दुरुस्ती करीत. कोणी काही लिहिलं, की पाचव्या दिवशी ठाकुरद्वारचं कार्ड हजर. ‘शतपत्रे शंभर नसून १०८ आहेत’ हे आमच्या पानाला त्यांनीच कळवलं. पोस्टकार्ड भारतात १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं आणि तेव्हा त्याला पाव आणा पडे, हेही त्यांचंच. पिन कोडची पद्धत डाक खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली, हे त्यांनी निदान तीनदा लिहिलं असेल. ‘कळावे’ एवढ्याच शब्दाने ते पत्र संपवीत. लोभ असावा की नाही याबद्दल मौन.

एकदा मी लिहिलं, की महिनाभर पोस्टात कार्डं मिळत नाहीत, मग सामान्य माणसाने लिहावं कशावर? सहाव्या दिवशी उत्तर आलं: ‘मुलुंडच्या पत्रलेखकांचे म्हणणे मुलुंडपुरते खरे असेल. गिरगाव पोस्टात खिडकी क्रमांक ३ वर दुपारी तीनपर्यंत कार्डे मिळतात. मी स्वतः आजच चार घेतली. प्रस्तुत पत्र हे त्यांपैकीच एक होय. कळावे.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उलट उत्तर लिहिलं, त्यांनी त्याचं खंडन केलं, शेवटी संपादकांनी ‘हा वाद आता थांबवीत आहोत’ अशी चौकट टाकली. वाद थांबवण्याची चौकट मिळणं ही आमच्यात पदवी समजतात. ती आम्हां दोघांना मिळून पाच वेळा मिळालेली आहे.

पण वस्ती एकसारखी राहत नाही. पत्रांखालचे पत्ते नीट वाचत गेलात, तर मुंबईचा इतिहास वेगळा वाचायची गरज नाही. सुरुवातीला गिरगाव, दादर, लालबाग, परळ यांची चलती होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आधी लालबाग-परळची पत्रं वाढली, मग ती कमी झाली, आणि एके दिवशी लक्षात आलं, की कित्येक महिन्यांत लालबाग दिसलेलेच नाहीत. पुढे तीच वळणदार वाक्यं नालासोपाऱ्याहून यायला लागली. दादरची माणसं डोंबिवलीला गेली, डोंबिवलीची मुलं बदलापूरला गेली, आणि काहींची तर थेट न्यू जर्सीला. पाण्याची तक्रार मात्र सगळ्यांनी बरोबर नेली.

मग ई-मेल आला. त्याने पोस्टाचे चार दिवस वाचले आणि लोकांनी तेवढाच विचार कमी केला. शिवाय सुरुवातीला टंकाची भानगड होती. आपल्या संगणकावर टाइप केलेलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर गेलं, की त्याचे चौकोन आणि फुल्या होत. पण ई-मेलमुळे न्यू जर्सीची पत्रं दुसऱ्या दिवशी पोचू लागली. अटलांटिकपलीकडे बसून आमच्या फाटकाजवळच्या खड्ड्याबद्दल इतक्या तळमळीने लिहिलेलं वाचलं, की मला भरून येई. नंतर खड्डा पाहायला जाई, तर तो खरोखरच असे.

हळूहळू पान आटलं. अर्ध्याचं पाव झालं, पावाची पट्टी झाली. ‘मजकूर १५० शब्दांत’ ही सूचना १०० शब्दांवर आली. चिंचवड फेसबुकवर गेले. डोंबिवली पूर्व यांनी जुन्या पत्रलेखकांचा व्हॉट्सॲपवर एक गट काढला आणि माझ्या भाच्याने मला त्यात नेऊन बसवलं.

“मामा, इथे संपादक नाही,” तो म्हणाला. “हवं तेवढं लिहा. कापाकापी नाही, थांबायला नको. लगेच सगळ्यांना दिसतं.”

मी पाण्याच्या मीटरवर दीडशे शब्द लिहून टाकले. एका मिनिटाच्या आत सतरा अंगठे आले. आता मला सांगा, दीडशे शब्द वाचायला शांतपणे एक मिनिट तरी लागतं की नाही? म्हणजे हे अंगठे मजकुराला नव्हते, मी जिवंत असल्याबद्दल होते. मग एकाने हात जोडले, एकाने गुलाबाचं फूल ठेवलं, आणि ठेवलेल्या त्या फुलाबद्दल आठ जणांनी आभार मानले. पाण्याचं मीटर त्या फुलांखाली दिसेनासं झालं. कडाडून विरोध एकाचाही नाही! मी चारपाच दिवस वाट पाहिली. ठाकुरद्वार त्या गटात नव्हते. मी पुन्हा बोळात आलो.

भाचा मला हट्टी म्हणतो. “मामा, तिथे आता तुमच्या ओळखीचं कोण उरलंय?” असं त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. मी त्याला काय सांगणार? मला आमच्या बोळाचे कायदे आवडतात, एवढंच. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. खाली खरं नाव आणि गाव घालायचं. शंभर शब्दांत बसवायचं, म्हणजे पहिले शंभर शिव्यांचे असतील ते आपोआप जातात. आणि मग आठ दिवस थांबायचं. राग आठ दिवस मुरला, की त्याचं लोणचं होतं आणि ते चार लोकांच्या पानात वाढता येतं. ताजा राग नुसताच ठसका लावतो. शिवाय माझं पत्र वाचणारा माणूस मला ओळखत नाही, माझ्यावर प्रेम करायला बांधलेला नाही, माझा भाचा नाही. त्याला पटलं तर पटलं, नाही तर तो कार्ड टाकतो. अनोळखी माणसाने आपलं म्हणणं गंभीरपणे खोडून काढावं, यासारखा मान नाही. घरात आपलं कोणी खोडूनही काढत नाही. “बरं” म्हणतात आणि पंखा लावतात.

२०२० च्या मार्चअखेर मुंबईत वर्तमानपत्र दारात पडणंच बंद झालं. आयुष्यात पहिल्यांदा सकाळी सहाला दार उघडलं आणि उंबरठा रिकामा. त्या काळात मी अकरा पत्रं लिहिली आणि टेबलाच्या खणात ठेवली. सौ.ने विचारलं, “छापायला पेपर नाही, मग लिहिताय कोणाला?” मी म्हटलं, “माजी आणि भावी वाचकांना.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी खणात पाहिलं, तर पत्रांना तिने तारखेप्रमाणे लावून रबरबँड घातला होता.

पेपर परत सुरू झाला. पानही आलं, आणखी बारीक होऊन. ठाकुरद्वार एकदोनदा दिसले. ‘कोविड’मधला ‘को’ ऱ्हस्व की दीर्घ असा वाद चालला होता, तेव्हा त्यांनी ‘मराठीत ओकाराला ऱ्हस्व चिन्ह नाही’ असं एका ओळीत लिहून तो मिटवला. मग २०२२ साली ते दिसेनासे झाले. एक महिना, दोन महिने, सहा महिने. या काळात पानावर काय काय छापून आलं म्हणून सांगू! पिन कोड इंग्रजांनी आणला, शतपत्रे शंभर आहेत, पोस्टकार्ड आता बंद झालं आहे. कोणी हूं की चूं केलं नाही. असत्य बोळातून उजळ माथ्याने फिरत होतं.

पूर्वी पत्राखाली पूर्ण पत्ता छापत असत. माझ्या कात्रणांच्या वहीत त्यांचा इमारतीसकट पत्ता मिळाला. २०२३ च्या पावसाळ्यानंतर एका सकाळी दादरला गाडी बदलून मी चर्नी रोडला उतरलो. गिरगावात भुयारी मेट्रोचं काम चाललेलं होतं. ती मेट्रो आता २०२५ च्या ऑक्टोबरपासून धावते आहे. तेव्हा मात्र नुसते पत्रे आणि धूळ होती. गल्ली सापडली. इमारतीच्या जागी निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं आणि त्यावर येणाऱ्या मनोऱ्याचं चित्र. चित्रातल्या बाल्कनीत एक गोरं जोडपं संत्र्याचा रस पीत उभं होतं.

कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं. “सगळे गेले,” तो म्हणाला. “कोणी विरार, कोणी डोंबिवली, कोणी भाड्याने. ते कार्डवाले आजोबा ना? रोज जायचे पोस्टात. मुलीकडे गेले म्हणतात. कुठे ते नाही माहीत.”

मी त्याच्याकडून गरज नसताना पाव किलो शेंगदाणे घेतले आणि परत आलो. सौ.ने शेंगदाण्यांकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही.

माणूस कुठे गेला हे कळेना, तेव्हा मी गळ टाकायचं ठरवलं. पुढच्या जानेवारीत ‘दर्पण’वर एक पत्र लिहिलं. बाळशास्त्री जांभेकरांचं ते पहिलं मराठी वर्तमानपत्र, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, वगैरे सगळं चोख. फक्त साल मी मुद्दाम १८३३ घातलं. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं, हे मला झोपेतही सांगता येतं. ठाकुरद्वारांनीच ते घोटून घेतलेलं. हा माणूस जिथे असेल तिथे, विरारला असो की मुलीच्या घरी गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला असो, १८३३ वाचून स्वस्थ बसणं त्याला शक्यच नव्हतं.

पत्र छापून आलं, १८३३ सकट. पाच दिवस गेले, काही नाही. सहावा, सातवा. सौ. रोज सकाळी माझ्याआधी पान उघडून पाहू लागली. आठव्या दिवशी तिने पेपर माझ्या हातात देताना घडी घातली नाही, तेव्हाच मी समजलो, की आज काहीतरी आहे.

चार ओळी होत्या. ‘दर्पण १८३३ मध्ये नव्हे, ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले. ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून पाळतात, तो उगाच नव्हे. आमच्या पत्रकारितेच्या वर्गात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मुलुंडच्या पत्रलेखकांनी यापुढे तपासून लिहावे.’ खाली एका मुलीचं नाव. आणि गाव: बदलापूर.

ना ‘स. न. वि. वि.’, ना ‘कळावे’. मी त्या चार ओळी तीनदा वाचल्या. हे ठाकुरद्वार नव्हते. त्यांचं मला आजतागायत काही कळलेलं नाही. त्या सकाळी थोडा वेळ वाईट वाटलं, हे खरं. पण तोच ठसका, तीच तारीख, आणि मुलुंडला ताळ्यावर आणण्याची तीच तयारी! मी कात्री आणली आणि कात्रण वहीत चिकटवलं, ठाकुरद्वारांच्या शेवटच्या कात्रणाशेजारी. मधे जागा होती तेवढी सोडली.

“आता हिच्याशी भांडणार का तुम्ही?” सौ.ने विचारलं.

“कारण मिळालं तर,” मी म्हटलं.

कारण मिळायला दोन महिने लागले. बदलापूरने लिहिलं, की तरुण पिढी पत्रं लिहीत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी पोस्टकार्ड मिळतं कुठे ते सांगावं. आमच्याकडे ते कोणी पाहिलेलंही नाही. मी दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन निघालो, ठाण्याला गाडी बदलली आणि बदलापूरला उतरलो. पोस्ट शोधलं. खिडकीपाशी रांगेत पाऊण तास उभा राहिलो. आतल्या माणसाने खणातून गठ्ठा काढला, वरची धूळ झटकली आणि दोन कार्डं दिली. पन्नास पैशाला एक, रुपयाला दोन. १८७९ पासून इतकं कमी महागलेलं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

तिथेच बाकावर बसून एक लिहिलं: ‘बदलापूरच्या पत्रलेखिकेचे म्हणणे तिच्या पिढीपुरते खरे असेल. तिच्याच गावच्या पोस्टात कार्डे मिळतात. मी स्वतः आजच दोन घेतली. प्रस्तुत पत्र हे त्यांपैकीच एक होय. दुसरे कोणास हवे असल्यास शिल्लक आहे.’

पुढे ‘कळावे’ लिहिलं. थोडा विचार केला आणि ‘लोभ असावा’ हेही घातलं. संपादक ते कापणार, हे मला ठाऊक होतं. त्यांना जागा कमी असते.